दोघांसाठी वाईन आणि जेवणाची संध्याकाळ: पैसे कमी असोत की भरपूर, आखणी अशी करा

अशा संध्याकाळीत बहुतेक वेळा घोळ होतो तो स्वयंपाकघरात. एक जण गॅससमोर घामाघूम, दुसरा टेबलावर एकटा, आणि पहिला पदार्थ येईपर्यंत मेणबत्ती अर्धी जळून गेलेली. म्हणून सगळी आखणी एकाच अटीवर बेतायची: टेबलावर बसल्यानंतर दोघांपैकी कुणालाही सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ उठावं लागू नये. पदार्थ कोणते, वाईन किती आणि पैसे कुठे घालायचे, हे सगळं या अटीवरून ठरतं. ही अट पाळली तर ब्रेड-चीजवरही छान संध्याकाळ होते. ती मोडली तर कितीही महागडी बाटली आणा, ती एकट्यानेच प्यावी लागते.

आधी विचारून घ्या

समोरची व्यक्ती वाईन पिते का, हे गृहीत धरू नका. सरळ विचारा, आणि नकार आला तर कारण विचारू नका. औषधं, गरोदरपण, दुसऱ्या दिवशीचं काम किंवा नुसती नावड, काहीही असू शकतं. परत जाताना गाडी चालवायची असेल तर त्या व्यक्तीने प्यायचीच नाही. जायची सोय आधीच ठरवून ठेवा. दुसरा प्रश्न खाण्याचा: शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, गहू, मासे यांची ॲलर्जी आहे का, मांसाहार चालतो का, आणि कोणता पदार्थ अजिबात आवडत नाही.

दोघांपैकी एकजण पिणारा नसेल तर त्याच्या ग्लासात नुसतं गोड सरबत ओतू नका. जेवणाबरोबर तुरट आणि आंबट चव लागते, गोड पेयाने जेवण जड वाटतं. एक लिटर थंड पाण्यात ८ ते १० ग्रॅम चांगली पानाची चहापत्ती घालून फ्रीजमध्ये ६ ते ८ तास ठेवा आणि गाळून घ्या. थंड पाण्यात मुरल्यामुळे चहा कडू होत नाही, पण थोडा तुरटपणा उतरतो आणि तो जेवणाला रेड वाईनसारखी साथ देतो. त्याच आकाराच्या ग्लासात, तितकाच थंड वाढा.

किती लागते?

नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते. १५० मिलिलिटरचा एक ग्लास धरला तर पाच ग्लास होतात, म्हणजे माणशी अडीच. अडीच-तीन तासांच्या जेवणाला एवढं पुरतं, पुरून उरतं. १२.५ टक्के अल्कोहोलच्या अशा एका ग्लासात साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. दुसऱ्या बाटलीचं बूच निघालं की जेवणाची चव कळेनाशी होते आणि बोलणंही भरकटतं, म्हणून दोन माणसांना एक बाटली ही मर्यादा आम्ही पक्की मानतो. दोन प्रकार चाखायचे असतील तर ३७५ मिलिलिटरच्या दोन अर्ध्या बाटल्या घ्या. एकूण माप तेवढंच राहतं. पाणी माणशी किमान एक लिटर, आणि तो जग टेबलावरच हवा, स्वयंपाकघरात नको.

लेबलवरचा टक्क्यांचा आकडा बघायची सवय लावा. इटलीतली मोस्कातो द'आस्ती ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास असते, बऱ्याच रेड वाईन १३.५ ते १४.५ टक्क्यांच्या, तर पोर्ट ही पोर्तुगालची दाट गोड वाईन १९ ते २० टक्क्यांची. पोर्टचा पेला ६० मिलिलिटरचाच असतो तो यामुळेच.

पैसे कुठे घालायचे?

जेवढे पैसे काढून ठेवले असतील त्याचे दहा भाग करा. चार भाग वाईनला, चार जेवणाला, एक टेबलाला (मेणबत्त्या, नॅपकिन, दोन फुलं), आणि एक भाग बाजूला, कारण बर्फ, लिंबू, लोणी असं काहीतरी ऐन वेळी राहूनच जातं. ग्लास किंवा कॉर्कस्क्रू (बूच काढायचा स्क्रू) घरात नसेल तर तो खर्च वाईनच्या वाट्यातून काढा, जेवणाच्या वाट्याला हात लावू नका.

दुकानातली सर्वांत स्वस्त बाटली शक्यतो टाळा, आणि त्याला कारण आहे. काच, बूच, लेबल, वाहतूक यांचा खर्च स्वस्त आणि महाग बाटलीला जवळपास सारखाच येतो. त्यामुळे तळाच्या किमतीत प्रत्यक्ष वाईनच्या वाट्याला फार थोडे पैसे उरतात. एक पायरी वर गेलात की वाढलेल्या पैशांतला मोठा हिस्सा आतल्या द्राक्षांवर खर्च झालेला असतो आणि तो फरक जिभेला लगेच जाणवतो. अगदी वरच्या पायऱ्यांवर मात्र तुम्ही दुर्मिळपणाचे आणि नावाचे पैसे मोजता. तो फरक ओळखायला सरावलेली जीभ लागते.

यातून निघणारी दुसरी युक्ती: प्रसिद्ध गावाची सर्वांत स्वस्त बाटली घेण्यापेक्षा त्याच्या शेजारच्या, कमी गाजलेल्या गावाची चांगली बाटली घ्या. शँपेनऐवजी फ्रान्समधलीच क्रेमाँ किंवा स्पेनची कावा घ्या. या तिन्ही बुडबुड्यांच्या, म्हणजे स्पार्कलिंग वाईन. तिघींतही बुडबुडे आणणारं दुसरं आंबवणं त्याच बाटलीत होतं, म्हणून त्यांत ब्रेडसारखा, खमिराचा वास येतो. इटलीची स्पार्कलिंग प्रोसेको बहुतेक करून मोठ्या बंद टाकीत बनते. ती साधी, फळांच्या वासाची आणि सहसा स्वस्त असते. इटलीची बारोलो ही रेड परवडत नसेल तर त्याच नेबिओलो द्राक्षाची लांगे नेबिओलो बघा. फ्रान्सच्या साँसेर या व्हाईट वाईनच्या जागी तिथल्याच तुरेन भागातली, त्याच द्राक्षाची सोव्हिन्यों ब्लाँ चालते. फ्रान्सच्याच बुर्गुन्य भागातल्या पिनो न्वार या रेडऐवजी त्याच्या दक्षिणेकडच्या बोजोलेतली गामे द्राक्षाची वाईनही जेवणाबरोबर उत्तम लागते.

बूच की फिरकीचं झाकण, यावरून दर्जा ठरवू नका. लवकर प्यायच्या वाईनला फिरकीचं झाकण चांगलंच. बुचाचा वास लागण्याचा धोका त्यात जवळपास राहत नाही.

स्पार्कलिंग वाईनच्या लेबलवर मात्र एक गोष्ट हटकून फसवते. ‘ब्रूट’मध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर असते आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ ग्रॅम. ‘ड्राय’ म्हणजे गोड नसलेली, पण नावावरून उलट वाटलं तरी एक्स्ट्रा ड्राय जास्त गोड. ‘डेमी-सेक’ म्हणजे ३२ ते ५० ग्रॅम, ती थेट गोड पदार्थाबरोबर. जेवणाबरोबर प्यायची असेल तर ब्रूट घ्या.

जोड जमवणं

लाल मांसाला लाल, माशाला पांढरी, एवढ्यावर काम भागत नाही. कोंबडीचा एकच तुकडा लिंबात मुरवला तर त्याची वाईन वेगळी, साईत शिजवला तर वेगळी. वाईन रंगावरून निवडू नका, ताटातल्या सर्वांत ठसठशीत चवीवरून निवडा.

एक सूत्र पक्कं लक्षात ठेवा. जेवणातलं मीठ आणि आंबट वाईनला मऊ करतं. गोड आणि उमामी (मशरूम, सोया सॉस, मुरलेलं चीज, पिकलेला टोमॅटो यांतली ती भरीव चव) वाईनला कडक, तुरट, कडवट करते. आजमावून बघायचं असेल तर रेड वाईनचा एक घोट घ्या, मग मीठ लावलेली लिंबाची फोड चाटा, मग पुन्हा घोट घ्या. तीच वाईन गोलसर आणि फळांच्या चवीची लागेल. टेबलावर जोड फसतेय असं वाटलं तर चिमूटभर मीठ आणि चार थेंब लिंबू एवढ्यानेच बऱ्याचदा ती सावरते. अशा संध्याकाळी मीठ आणि लिंबू हाताशी ठेवायचं ते यासाठी.

आता बाकीचं, कारणांसकट.

आंबट पदार्थाबरोबरची वाईन त्याहून आंबट हवी, नाहीतर ती पाण्यासारखी सपक लागते. लिंबू पिळलेला मासा, टोमॅटोचा सॉस, ताजं शेळीच्या दुधाचं चीज यांच्याबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ किंवा रीसलिंग ही व्हाईट. सॅलडवर व्हिनेगर ओतलं की मात्र भलेभले हात टेकतात. तिथे व्हिनेगरऐवजी लिंबू आणि जास्त तेल घ्या.

गोड पदार्थाबरोबरची वाईन पदार्थापेक्षा गोड हवी. केक आणि ब्रूट शँपेन ही जोडी फोटोत छान दिसते, पण तोंडात वाईन आंबूस, पातळ होऊन जाते.

तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात. तिखट जेवण असेल तर कमी टक्क्यांची, किंचित गोड, चांगली थंड वाईन घ्या. जर्मनीतली, लेबलवर ‘काबिनेट’ लिहिलेली रीसलिंग इथे फार कामाची. १४.५ टक्क्यांची तुरट रेड इथे जीभ भाजून काढते.

टॅनिन म्हणजे कडक काळ्या चहासारखा हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा. तो प्रथिनांना चिकटतो, म्हणून मांसाबरोबर काबर्ने सोव्हिन्योंसारखी तुरट रेड मऊ लागते. तेलकट माशाबरोबर मात्र रेड वाईन धातूसारखी, खवट माशासारखी लागू शकते. वाईनमधलं लोह माशाच्या चरबीशी भिडल्यामुळे हे होतं. माशाबरोबर रेडच हवी असेल तर हलकी घ्या आणि थोडी थंड करून वाढा.

खारट, तळलेलं आणि कुरकुरीत असं सगळं ब्रूट स्पार्कलिंगबरोबर खुलतं. बुडबुडे आणि आंबटपणा तेल धुऊन काढतात, मीठ वाईनला मऊ करतं. बटाट्याच्या साध्या खारट चिप्स आणि चांगली कावा, कमी पैशांत याहून सुंदर सुरुवात आम्हांला ठाऊक नाही.

आर्टिचोक (कमळाच्या कळीसारखी दिसणारी भाजी) पहिल्यांदाच्या जेवणात नकोच. त्यातल्या सिनारिन नावाच्या द्रव्यामुळे पुढचा प्रत्येक घोट विचित्र गोड लागतो. शतावरी आणि अर्धवट शिजलेलं अंड्याचं पिवळं बलकसुद्धा वाईनशी नीट जुळत नाही.

तीन बेत

*हातात थोडेच पैसे आहेत.* काहीही शिजवू नका. एक बाटली, २५० ग्रॅम चांगला कडक पापुद्र्याचा ब्रेड, दोन प्रकारचं मिळून १५० ते २०० ग्रॅम चीज (एक ताजं मऊ, एक मुरलेलं कडक), ५० ग्रॅम भाजलेले बदाम किंवा अक्रोड, मूठभर ऑलिव्ह, एक पिकलेलं पेअर. सोव्हिन्यों ब्लाँ किंवा ब्रूट स्पार्कलिंग घ्या, कारण चीजबरोबर व्हाईट वाईन रेडपेक्षा जास्त वेळा जमते. चीज खाण्याआधी पाऊण ते एक तास फ्रीजबाहेर काढा. थंड चीजमध्ये चरबी घट्ट असते आणि वास कोंडलेला राहतो. ब्रेड ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसला पाच-सहा मिनिटं गरम करा. घरभर पसरणारा गरम ब्रेडचा वास कुठल्याही सजावटीपेक्षा जास्त काम करतो.

*मध्यम बेत.* एक छोटी सुरुवात, एक मुख्य पदार्थ, आदल्या दिवशी केलेला एक गोड पदार्थ. कृती खाली दिली आहे.

*हात सैल सोडायचा आहे.* पदार्थांची संख्या वाढवू नका, प्रत्येक पदार्थाचा दर्जा वाढवा. शँपेनची अर्धी बाटली सुरुवातीला, मुख्य पदार्थाबरोबर चांगल्या रेडची अर्धी बाटली, शेवटी निळ्या बुरशीच्या चीजच्या ४० ग्रॅम तुकड्याबरोबर गोड वाईनचे दोन ५० मिलिलिटरचे घोट. रोकफोर आणि सोतेर्न, स्टिल्टन आणि पोर्ट या जोड्या उगाच टिकून राहिलेल्या नाहीत: एका बाजूला खारट आणि झणझणीत, दुसऱ्या बाजूला दाट गोड. गोड वाईन घेत असाल तर आधीचे ग्लास १२० मिलिलिटरचेच भरा. आठ पदार्थांचं जेवण घरी करू नका. तिसऱ्यानंतर पोट भरलेलं असतं आणि उठबस मात्र चालूच राहते.

मुख्य पदार्थ: मशरूम पास्ता किंवा भाजलेली कोंबडी

रिसोटो (इटालियन मऊ भात) आणि स्टेक सुचवायचं मुद्दाम टाळलं आहे. रिसोटो अठरा-वीस मिनिटं कलथा सोडू देत नाही; स्टेक घर धुराने भरतो आणि दोन मिनिटं इकडची तिकडे झाली की वातड होतो. खालचे दोन्ही पदार्थ थांबून राहतात.

मशरूम पास्ता. ३५० ग्रॅम मशरूम ओल्या कापडाने पुसून जाड कापा. रुंद, जड तवा चांगला तापू द्या. तेल नाही, मीठ नाही, नुसते मशरूम, आणि तेही दोन खेपांत. चार-पाच मिनिटांत त्यांना पाणी सुटेल आणि तव्यात बुळबुळीत डबकं दिसेल. इथेच बहुतेक जण घाबरून आच कमी करतात आणि मशरूम उकडून रबरासारखे होतात. आच तशीच ठेवा. पाणी आटत आलं की आवाज बदलतो: रटरट थांबते, चुरचुर सुरू होते. कडा तपकिरी झाल्या की मगच २५ ग्रॅम लोणी, लसणाच्या दोन बारीक चिरलेल्या पाकळ्या, थोडा थाइम (ओव्यासारख्या वासाचा पाला) आणि मीठ घाला. मिनिटभराने ७५ मिलिलिटर व्हाईट वाईन ओता, ती जवळजवळ सुकू द्या, मग ८० मिलिलिटर क्रीम. इथवरचं काम दोन तास आधी करून झाकून फ्रीजमध्ये ठेवता येतं. जेवायच्या वेळी दोन लिटर उकळत्या पाण्यात २० ग्रॅम मीठ घालून १७० ग्रॅम पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी शिजवा. अर्धी वाटी पाणी काढून ठेवा आणि पास्ता सॉसमध्ये घालून त्या पाण्याने सैल करा. याबरोबर ओकच्या पिंपात मुरलेली शार्दोने ही व्हाईट किंवा हलकी पिनो न्वार. मशरूममध्ये उमामी भरपूर, म्हणून तुरट काबर्ने इथे नको.

भाजलेली कोंबडी. हाडासकट, कातडीसकट मांडीचे चार तुकडे, साधारण ६५० ग्रॅम. सकाळीच सव्वा छोटा चमचा मीठ चोळून फ्रीजमध्ये खालच्या खणात, उघडेच ठेवा. कातडी कोरडी होते आणि तशीच ती कुरकुरीत भाजते. ट्रेमध्ये ३०० ग्रॅम बटाटे अडीच सेंटिमीटरच्या फोडी करून, सालासकट सहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तेल. तुकडे कातडी वर करून ठेवा. २१० अंशांना ४० मिनिटं. हाडाजवळचं तापमान किमान ७५ अंश हवं. मांडीचं मांस ८० च्या पुढे गेलं तरी कोरडं पडत नाही, उलट मऊ होतं, म्हणूनच छातीऐवजी मांडी. बाहेर काढून दहा मिनिटं थांबा, मग अर्धं लिंबू पिळा. शार्दोने चालेल, बोजोलेही चालेल.

गोडाला ६० ग्रॅम डार्क चॉकलेट (६० ते ७० टक्के कोकोचं) बारीक चिरा. ९० मिलिलिटर क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओता. दोन मिनिटं हात लावू नका, मग मधोमध सुरुवात करून हलकेच ढवळा, चिमूटभर मीठ घाला. दोन छोट्या वाट्यांत ओतून किमान तीन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. ड्राय रेड आणि डार्क चॉकलेट ही जोडी फार लाडकी आहे, पण दोन्हीतला कडवटपणा एकमेकांवर चढतो. पोर्ट किंवा फ्रान्सची गोड बान्यूल्स असेल तर जरूर. नसेल तर जेवणाची वाईन आधी संपवा आणि चॉकलेटबरोबर कॉफी घ्या.

गारवा

बाटली कितीची आहे यापेक्षा ती किती थंड आहे, यावर चव जास्त ठरते. गरम वाईनमध्ये अल्कोहोल नाकात चढतं. अति थंड वाईनमध्ये वास बसून जातो आणि रेडचा तुरटपणा टोचायला लागतो. स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, हलकी व्हाईट आणि रोझे (गुलाबी वाईन) ८ ते १०, भारदस्त शार्दोने १० ते १३, हलकी रेड १२ ते १४, भारदस्त रेड १६ ते १८. रेड ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड दगडी घरांतला आहे. खोली २५ अंशांवर असेल तर रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

व्हाईट फ्रीजमध्ये अडीच तास, स्पार्कलिंग चार तास. विसरलात तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि दोन मुठी मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा, १५ ते २० मिनिटं. नुसत्या बर्फात हवा राहते आणि बाटलीला तो जेमतेम टेकतो. पाणी सगळीकडून भिडतं, आणि मिठाने ते शून्याखाली जातं. फ्रीझरमध्ये ठेवायचीच झाली तर ३० मिनिटांचा गजर लावा. विसरलेली बाटली गोठते, फुगते, बूच बाहेर ढकलते, कधी काच फुटते. स्पार्कलिंग तर फ्रीझरमध्ये ठेवूच नका.

टेबल

समोरासमोर बसण्यापेक्षा टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसा. एकाच ताटातून खाता येतं आणि हळू बोललं तरी ऐकू येतं. मेणबत्त्या बिनवासाच्या हव्यात, ही सूचना मोडू नका. व्हॅनिला किंवा गुलाबाच्या मेणबत्तीसमोर वाईनचा वास पूर्ण मरतो. तीव्र वासाची फुलं आणि अंगावरचं भरपूर अत्तर यांचंही तेच. ज्योत डोळ्यांच्या रेषेखाली राहील एवढीच उंची ठेवा. छोट्या टी-लाइट तीन-चार तास चालतात, तेवढं पुरे. छतावरचा दिवा बंद, कोपऱ्यात एक पिवळसर दिवा चालू; ताटातलं दिसलं पाहिजे.

ग्लास एकाच प्रकारचे, ट्युलिपच्या आकाराचे, ३५० ते ४५० मिलिलिटरचे दोन असले की सगळ्या वाईन होतात, स्पार्कलिंगसुद्धा. एक तृतीयांशच भरा, वरची जागा वासासाठी असते. दुपारी रिकामा ग्लास हुंगून बघा. कपाटाचा किंवा साबणाचा वास आला तर गरम पाण्याने नुसता धुऊन स्वच्छ कापडाने पुसा. साबणाचा अंश राहिला तर बुडबुडेही लवकर मरतात.

दिवसभराचं वेळापत्रक (८ वाजता बसायचं धरून)

1. आदल्या दिवशी: खरेदी, चॉकलेट, संगीताची तीन तासांची यादी. कॉर्कस्क्रू घरात आहे ना, ते हातात घेऊन बघा.
2. सकाळी: कोंबडी असेल तर तिला मीठ; कुणी पिणारं नसेल तर चहा फ्रीजमध्ये मुरत ठेवा; बर्फ जमवा.
3. ४ वाजता: स्पार्कलिंग फ्रीजमध्ये. ५:३० ला व्हाईट.
4. ६ वाजता: मशरूमचा सॉस करून ठेवा, भांडी घासून ओटा रिकामा. तुंबलेलं सिंक नजरेसमोर असलं की मन टेबलावर राहत नाही.
5. ७ वाजता: चीज बाहेर, टेबल मांडा, पाण्याचा जग भरा. अंघोळ, कपडे.
6. ७:३० वाजता: रेड फ्रीजमध्ये. तरुण आणि तुरट रेड असेल तर तिला हवा लागू द्यायची, त्यासाठी ती रुंद जगात ओतून मग जग गार करा. नुसतं बूच काढून ठेवल्याने फारसं काही होत नाही, कारण मानेतून हवेला मिळणारी जागा नाण्याएवढीच असते. कोंबडी असेल तर ७:५० ला ओव्हनमध्ये.
7. ८ वाजता: पहिला ग्लास आणि काहीतरी खारट. ८:३० ला पास्त्याचं पाणी उकळायला ठेवा. मुख्य पदार्थ ८:४५ च्या सुमारास. गोड दहाच्या आधी नको.

बूच काढताना

स्पार्कलिंगच्या बाटलीत पाच ते सहा वातावरणांचा दाब असू शकतो, म्हणून तोंड कधीही माणसाकडे करू नका. वरचा कागद काढा. तारेचं कडं बहुधा सहा अर्ध्या वळशांत सुटतं. ते सुटायला लागल्या क्षणापासून अंगठा बुचावर हवा. तार सैल करा पण काढू नका, तीच बुचावर पकड देते. बाटली ४५ अंशांत तिरकी धरा, बूच घट्ट आवळा आणि बूच न फिरवता तळाकडून बाटली फिरवा. बूच स्वतःहून वर यायला लागल्याचं तळहाताला जाणवेल. त्या क्षणी त्याला उलट दाबून धरा, हळूहळू येऊ द्या. नीट जमलं तर धडाका होत नाही, लांब उसासा टाकल्यासारखा नुसता ‘फुस्स’ आवाज येतो आणि एक थेंबही सांडत नाही. फेस उसळला तर बाटली पुरेशी गार नव्हती किंवा हिंदकळली होती. ओतताना आधी दोन बोटं, फेस बसू द्या, मग उरलेलं.

साध्या बाटलीत स्क्रू मधोमध घाला आणि शेवटचा एक वळसा बाहेर ठेवा, म्हणजे बुचाचा भुगा वाईनमध्ये पडत नाही. पडलाच तर चहाच्या गाळणीतून जगात गाळा.

पहिला घोट यजमानाने घ्यावा, शिष्टाचार म्हणून आणि तपासणी म्हणूनही. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसटलेल्या तळघराचा वास आला तर बुचातल्या दोषाने वाईन बिघडली आहे. ती प्यायल्याने अपाय होत नाही, पण हवेने तो वास जातही नाही. बाटली तशीच बंद करून दुकानात परत न्या आणि त्या रात्री दुसरं काही प्या. काडेपेटीचा किंवा किंचित अंड्याचा वास मात्र ग्लास जोरात फिरवल्यावर बऱ्याचदा उडून जातो. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी आहेत.

दोन अर्ध्या बाटल्या घेतल्या असतील तर त्या कागदात गुंडाळून लेबल झाका आणि चाखता चाखता सांगायचं: कोणती आवडली, कशाचा वास येतो, कोणत्या घासाबरोबर ती बदलली. वाईनची जाण नसलेल्या दोघांनाही यात बोलायला खूप सापडतं, आणि कागद उघडल्यावर पुढच्या वेळी काय आणायचं ते कळतं.

सांडलं, उरलं

रेड सांडली तर घासू नका, कोरड्या कापडाने टिपा, मग थंड पाणी, पुन्हा टिपा. गरम पाण्याने डाग पक्का बसू शकतो.

उरलेली वाईन, रेडसुद्धा, बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. तीन ते पाच दिवस चांगली राहते. छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवली तर हवा कमी लागते आणि ती आणखी टिकते. स्पार्कलिंगला चिमट्याचं खास झाकण लागतं, मग एक-दोन दिवस बुडबुडे राहतात. गळ्यात चमचा अडकवून काहीही होत नाही. पोर्ट काही आठवडे टिकते. रेड एखादा ग्लासच उरली असेल तर तिच्या निम्म्या वजनाची साखर घालून मंद आचेवर चमच्यावर थर धरेल इतकी आटवा, आणि दुसऱ्या दिवशी पेअरच्या फोडींवर ओता.